एकटी धावू नकोस, पण कुणाला एकटं पडू देऊ नकोस

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, डोळ्यांदेखत कुणाला जातीवरून मारायला लागले, तर मध्ये पडायचं का? मस्साजोगला काय झालं ते माहितीये ना?" हा प्रश्न आज आपल्या बीड जिल्ह्यात घरोघरी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मस्साजोगचं नीट समजून घे. ६ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या या गावात पवनचक्की प्रकल्पाच्या आवारात काही जण शिरले आणि तिथल्या रखवालदाराला त्यांनी मारहाण केली. रखवालदार दलित समाजातला. जातिवाचक शिवीगाळ केल्याचा गुन्हाही पुढे नोंदवला गेला. खबर लागताच सरपंच संतोष देशमुख गावकऱ्यांना घेऊन तिथं गेले. ते मराठा होते, पण मार खाणारा कुठल्या जातीचा हे त्यांनी पाहिलं नाही. आपल्या गावचा माणूस मार खातोय, एवढंच पाहिलं आणि त्याला सोडवलं. ९ डिसेंबरला त्यांची गाडी अडवून त्यांना पळवून नेलं आणि हालहाल करून मारलं.

"बघ, मध्ये पडलं की असं होतं," असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. सहा तारखेला गाव सोबत होतं, म्हणून माणूस सुटला. नऊ तारखेला सरपंचांना रस्त्यात गाठलं. ॲट्रॉसिटीचा गुन्हा तेव्हाच नोंदवून कारवाई झाली असती तर ते वाचले असते, असं त्यांचे घरचे सांगत आलेत. मारहाण थांबली म्हणून धोका टळत नाही. सोडवणाऱ्याच्या पाठीशीही नंतर माणसं उभी राहावी लागतात आणि तक्रारीचा कागद लागतो.

आणि मध्ये पडायचं म्हणजे दरवेळी अंगावर घ्यायचं असंही नाही. कोरोनात अमेरिकेत चिनी, कोरियन चेहऱ्याच्या लोकांवर रस्त्यात हल्ले होऊ लागले, तेव्हा 'होलाबॅक' नावाच्या संस्थेनं हजारो सामान्य माणसांना मदतीचे पाच मार्ग शिकवले: लक्ष दुसरीकडे वळवणं, इतरांना मदतीला घेणं, पुरावा ठेवणं, नंतर विचारपूस करणं आणि स्वतः थेट बोलणं. बघ, पाचांतला एकच मार्ग समोरासमोर उभं राहायचा आहे. बाकीचे चार तुला आजही जमतील.

समज, एसटीत एखाद्या पोराला चारजण आडनाव विचारून छळतायत. तू त्या चौघांशी बोलूच नकोस. सरळ पोराला हाक मार, "अरे, तू इथं होय! इकडं ये, जागा धरलीय." तो तुला ओळखत नसला तरी उठून येईल. तेवढ्यात कंडक्टरला सांग. प्रकरण वाढलं तर गाडी पोलीस ठाण्यात घ्यायला लाव. शेजारच्या बाईला नजरेनं खुणावलंस तर तीही बोलेल. पहिलं कुणी बोलायचं, यावरच सगळे अडलेले असतात.

पुण्यात सदाशिव पेठेत २७ जून २०२३ ला एका मुलीवर भरदिवसा कोयता उगारला गेला. लेशपाल जवळगे या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यानं तो हात धरला, आणखी एकदोघं धावले आणि पोरगी वाचली. त्या पोराला माझा मनापासून सलाम. पण तू लगेच कोयत्यापुढं जावंस असं मी सांगणार नाही. हत्यार दिसलं तर लांब राहून आरडाओरडा कर, दुकानदारांना गोळा कर, ११२ लाव.

पुरावा मात्र जपून. व्हिडिओ काढलास तर तो कापू नकोस आणि ग्रुपवर टाकू नकोस. मूळ फाईल मार खाणाऱ्याला आणि पोलिसांना दे. एका क्लिपनं आपल्याकडं दोन समाज समोरासमोर येतात. नुसती अफवाही पुरते. २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे आलेत या व्हॉट्सॲपवरच्या अफवेनं पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. तसला मेसेज तुझ्या फोनवर आला की तो तिथंच थांबव. तेही कुणाला तरी वाचवणंच आहे.

आता कागदाचं. शून्य नंबरनं एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि प्रत फुकट मिळते. ॲट्रॉसिटी कायद्यात पीडिताइतकंच साक्षीदारालाही संरक्षण मागता येतं. त्याच कायद्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६६ आहे. मार खाल्लेल्या माणसाला ठाण्यात एकटं पाठवू नका, चारपाच जण जा, बायका असतील तर अजून बरं. आणि पुढचे पंधरा दिवस त्याची, त्याला सोडवणाऱ्याची रोज चौकशी करा.

वेळेवर कळवल्यानं काय होतं तेही आपल्याच जिल्ह्यात दिसलं. गेवराई तालुक्यात अर्धमसल्याला ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या तोंडावर, मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. सरपंचांनी लगेच पोलिसांना कळवलं, आरोपी पकडले गेले आणि गावानं वातावरण बिघडू दिलं नाही.

आडनावावरून माणूस मोजायची खोड आपल्याकडं इतकी वाढली, की त्याच वर्षी बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत कांवत यांनी पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवर नुसती पहिली नावं ठेवायला लावली. पाटी बदलली, आता आपण बदलायचं. आज रात्री रूमवरच्या पोरींना जमव. ११२ आणि १४५६६ सगळ्यांच्या फोनमध्ये टाक. कुणावर वेळ आली तर कोण हाक मारणार, कोण फोन लावणार, कोण ठाण्यात सोबत जाणार, हे आत्ताच वाटून घ्या. आणि मदतीला जाताना समोरच्याचं आडनाव विचारू नका.