व्हिसावर दिवस ५० आणि तारखा ६५ दिवसांच्या, मग राहायचे किती?

प्रश्न : माझी मुलगी म्युनिकला असते. डॉक्टरांनी तिला २५ मे ही बाळंतपणाची तारीख दिली आहे. आम्हा दोघांना जर्मनीचा व्हिसा मिळाला. त्यावर १० मे ते १३ जुलै अशी मुदत आहे, पण खाली दिवस मात्र ५० लिहिले आहेत. तारखा मोजल्या तर ६५ दिवस भरतात. यातले खरे कोणते? शेजारचे काका अमेरिकेला जाऊन आले आहेत. ते म्हणतात, आकड्यांचे काही नसते, उतरल्यावर तिथला अधिकारी सहा महिने देतो. शिवाय मुलगी सांगते की सगळी कागदपत्रे बरोबर आणा. कागद तपासूनच व्हिसा दिला ना? मग पुन्हा कशाला?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमचे मोजणे अचूक आहे. काकांचे बोलणेही खोटे नाही, फक्त ते अमेरिकेपुरते खरे आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर बहुधा दहा वर्षांची मुदत असते, पण एका खेपेला किती राहायचे हे त्यावर लिहिलेले नसते. ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि साधारणपणे सहा महिने देतो. तुमचा व्हिसा शेंगेन पद्धतीचा आहे. तिथे राहण्याचे दिवस आधीच मोजून शिक्क्यावर छापलेले असतात आणि सीमेवर ते वाढवून मिळत नाहीत.

आता दोन आकड्यांचा उलगडा करू. तारखा सांगतात की कोणत्या काळात तुम्ही तिथे असू शकता. दिवस सांगतात की त्या काळात एकूण किती दिवस असू शकता. दोन्ही अटी एकदम पाळायच्या असतात आणि त्यातली जी आधी संपेल, तिथे मुक्काम संपतो. मधले पंधरा दिवस चुकून पडलेले नाहीत. एकाच प्रवेशाचा व्हिसा देताना नियमानेच पंधरा दिवसांची मोकळीक धरतात, म्हणजे तिकीट पुढे ढकलावे लागले तरी मुक्काम कापला जात नाही.

तुमच्या बाबतीत ही मोकळीक फार कामाची आहे. १० मे रोजी पोहोचलात तर पन्नासावा दिवस २८ जूनला येतो. पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २५ मे ला बाळ झाले, तर बाळंतिणीचा सव्वा महिना जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुरा होईल, आणि तुम्हाला त्याआधीच परतावे लागेल. तेच २० मे रोजी पोहोचलात तर ८ जुलैपर्यंत राहता येईल. २५ मे पर्यंत कधीही गेलात तरी पुरे पन्नास दिवस मिळतात, त्यानंतर मात्र १३ जुलैची मर्यादा आड येऊन दिवस कमी होऊ लागतात. पहिलटकरणीला आईची गरज बाळंतपणाआधी अधिक की नंतर, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. १० तारखेचे तिकीट काढले नसेल, तर एवढा विचार करून मगच काढा. तारीख बदललीत तर प्रवासविम्याच्या तारखाही बदलून घ्यायला विसरू नका. शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोंचे विमासंरक्षण लागते, आणि ते मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाला लागू असले पाहिजे.

बाळंतपण लांबले, मुलीला बरे नसले, तर तिथे राहून मुदत वाढते का? वाढू शकते, पण सहजासहजी नाही. गंभीर आजारपण किंवा तितकेच सबळ कारण कागदोपत्री दाखवावे लागते, आणि मुदत संपण्याआधी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत अर्ज करावा लागतो. ‘नातवाला सोडून निघवत नाही’ हे कारण कितीही खरे असले तरी त्या अर्जात चालत नाही. न सांगता चार दिवस जास्त राहण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. परतताना ते उघड होते, दंड किंवा पुन्हा प्रवेशाला बंदी होऊ शकते, आणि पुढचा प्रत्येक अर्ज त्या नोंदीच्या सावलीत तपासला जातो.

आता कागदांचे. व्हिसा म्हणजे प्रवेशाचा हक्क, हा आपल्याकडचा सर्वांत पक्का गैरसमज आहे. युरोपच्या व्हिसा संहितेतच स्पष्ट म्हटले आहे की नुसता व्हिसा असल्याने प्रवेश आपोआप मिळत नाही. वकिलातीने तुमचे कागद पाहिले ते काही आठवड्यांपूर्वी. तुम्ही प्रत्यक्ष दारात उभे राहता तेव्हा ती परिस्थिती तशीच आहे का, हे सीमेवरचा अधिकारी पाहतो. कशासाठी आलात, कुठे उतरणार, खर्च कोण करणार, परत कधी, असे चार साधे प्रश्न तो विचारू शकतो.

वाटेत तुमचे कागद निदान तीन ठिकाणी पाहिले जातील आणि प्रत्येकाचे कारण वेगळे असते. मुंबईत बोर्डिंग पास देणारे विमान कंपनीचे लोक व्हिसा निरखून पाहतात. योग्य कागद नसलेला प्रवासी युरोपात उतरवला, तर कंपनीला माणशी काही हजार युरोंचा दंड बसतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. म्हणून परतीचे तिकीट तिथेही मागतात. पुढे आपल्या इमिग्रेशनचा अधिकारी भारतातून बाहेर पडण्याची नोंद करतो. प्रवेशाचा खरा निर्णय होतो तो शेंगेन क्षेत्राच्या पहिल्या विमानतळावर.

हा पहिला विमानतळ म्युनिकच असेल असे नाही. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर तपासणी म्युनिकला होईल. ॲम्स्टरडॅम किंवा पॅरिसमार्गे गेलात तर ती तिथेच होते, आणि पुढचा प्रवास मुंबई-नागपूर विमानासारखा देशांतर्गत धरला जातो. मुलगी म्युनिकला वाट पाहत असते आणि प्रश्न मात्र ॲम्स्टरडॅमला विचारले जातात. अशा वेळी कागद मोठ्या बॅगेत गेलेले असले तर काही उपयोग नाही. मुलीचे निमंत्रणपत्र, तिचा पत्ता आणि फोन, विमा, परतीचे तिकीट आणि तिने जर्मनीत हमीपत्र करून दिले असेल तर तेही हातातल्या बॅगेत ठेवा. हे हमीपत्र ती तिथल्या सरकारी कचेरीत सही करून देते. तुमच्या राहण्याचा, आजारपणाचा, वेळ आलीच तर परत पाठवण्याचा खर्च त्याने कायद्याने तिच्यावर येतो. अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्याचे वजन मोठे असते.

अधिकाऱ्याने विचारले तर घाबरू नका. ‘मुलीच्या बाळंतपणासाठी आलो, ८ जुलैला परत जाणार’ इतके साधे, खरे उत्तर पुरते. इंग्रजी अडखळत असेल तर हेच वाक्य कागदावर इंग्रजीत लिहून घ्या. मुलीशी फोनवर बोलू देण्याची विनंतीही करता येते.

जर्मनीच्या व्हिसावर ॲम्स्टरडॅमला कसे चालते, असाही प्रश्न मनात येईल. १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवायचा करार केला. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीत उभ्या असलेल्या बोटीवर त्यावर सह्या झाल्या. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमा तिथेच एकत्र येतात. २६ मार्च १९९५ पासून तो प्रत्यक्षात आला आणि आज त्यात २९ देश आहेत. आतल्या सीमा उठल्या म्हणजे बाहेरची सीमा सर्वांची एकच झाली. मग त्या सीमेवरचा प्रत्येक देश बाकीच्यांच्या वतीने तपासणी करतो आणि प्रत्येकाचा व्हिसा इतरांना मान्य असतो.

युरोपियन युनियन आणि शेंगेन एकच समजू नका. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हींत नाही. बाळाला बघून झाल्यावर जावई झ्युरिक किंवा साल्झबुर्ग दाखवतो म्हणाले तर खुशाल जा, फक्त पासपोर्ट जवळ ठेवा, कारण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे. लंडनला जाऊन येण्याचा बेत मात्र करू नका. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतोच, शिवाय तुमच्या व्हिसावर प्रवेशाच्या रकान्यात ०१ असेल तर बाहेर पडताच तो संपतो, मग दिवस कितीही उरलेले असोत.

प्रश्न : शेंगेनमध्ये सहा महिन्यांत ९० दिवस राहता येते म्हणतात. म्हणजे जानेवारी ते जूनमध्ये ९० आणि जुलै ते डिसेंबरमध्ये ९० ना? आणि आता ईटियास नावाची नवी परवानगीही काढावी लागणार, असा मेसेज फिरतो आहे, तो खरा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वर्षाचे असे दोन तुकडे पडत नाहीत. तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी मागे वळून शेवटचे १८० दिवस पाहायचे, त्यात आजचा दिवसही धरायचा. त्या १८० दिवसांत मुक्कामाचे दिवस ९० पेक्षा जास्त होता कामा नयेत. वरच्या सांगलीच्या बाईंचेच उदाहरण घेऊ. त्या १० मे ते २८ जून असे ५० दिवस राहिल्या आणि नवा व्हिसा काढून १ ऑगस्टला पुन्हा गेल्या, तर आधीचे पन्नास अजून मोजणीतच असतात. उरतात ४०, म्हणजे ९ सप्टेंबरपर्यंतचे. जुलैत नवे सहामाही खाते उघडले असे समजून त्या राहिल्या तर दहा तारखेपासूनच मुक्काम बेकायदा ठरेल. दोन किंवा पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तरी हीच मोजणी लागू असते. ९० दिवसांहून सलग अधिक राहायचे असेल तर त्या त्या देशाचा वेगळा, दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो.

पूर्वी ही मोजणी अधिकारी पासपोर्टवरचे शिक्के पाहून करत आणि शिक्का पुसट असला की घोळ होई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंदणी सुरू झाली. चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन येण्या-जाण्याची तारीख नोंदवतात आणि दिवसांचा हिशोब यंत्रच करते.

ईटियासचा मेसेज मात्र तुम्हाला लागू नाही. ज्या देशांच्या नागरिकांना युरोपला जायला व्हिसाच लागत नाही, त्यांच्यासाठी ती पूर्वपरवानगी आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन जाणाऱ्याला ती काढावी लागत नाही. कोणी तुमच्याकडे त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

एका गोष्टीची भर घालतो. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळाले असतील आणि ते नियमाने वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी. दर खेपेला ९० युरोंचे शुल्क भरणाऱ्या आईवडिलांसाठी ही मोठीच सोय आहे.

प्रश्न : बाळंतिणीसाठी घरचे तूप आणि खव्याची बर्फी नेता येते का?
— एक आजी, कराड

उत्तर : नाही, आणि हे आधी कळलेले बरे. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या बहुतेक प्रवाशांना सामानातून दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस नेण्याची मनाई आहे. तूप, खवा, पेढे, पनीर हे सगळे त्यात येते. सापडले तर काढून घेऊन नष्ट करतात आणि दंडही होऊ शकतो. तान्ह्या बाळासाठीच्या दुधाच्या पावडरीला काही अटींवर सूट आहे. तुपाची चिंता करू नका, जर्मनीत किराणा दुकानात ‘बुटरश्माल्त्स’ नावाने लोण्याचे कढवलेले तूप मिळते. लाडू तिथेच जाऊन वळा.