‘शेजारी’ या शब्दाचा अर्थविस्तार : मराठी ख्रिस्ती वाङ्मय आणि कचारगडची लिंगोकथा

१. प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून (१६१६) सुरू झालेल्या भाषिक परंपरेचा मागोवा हे एक अंग, आणि एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरे व प्रबोधन यांची चर्चा हे दुसरे. शास्त्रवचन मराठी माणसाच्या रोजच्या वागण्यात कसे उतरले, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात ‘शेजारी’ या एका शब्दाच्या आधारे हा प्रश्न तपासावयाचा आहे. त्यासाठी निवडलेले क्षेत्र काहीसे अनपेक्षित वाटेल. ते म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड.

कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे, ख्रिस्ती तीर्थ नव्हे. दरेकसाजवळच्या डोंगरातील विशाल नैसर्गिक गुहांपाशी माघी पौर्णिमेला यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथूनही भाविक येतात. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि काली कंकाली यांच्या स्मृती या स्थळाशी निगडित आहेत. परंतु लिंगोची कथा प्रथम विस्ताराने कागदावर उतरवून घेतली ती नागपूरच्या एका ख्रिस्ती मिशनऱ्याने. म्हणूनच ‘शेजारी’ या शब्दाची खरी कसोटी येथे लागते, असे वाटते.

२. ‘शेजारी’ आणि ‘कळवळा’

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या सामरियनाचा दाखला सर्वपरिचित आहे. एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. याजक आणि लेवी त्याला पाहून बाजूने निघून गेले. यहुद्यांना तुच्छ वाटणारा एक सामरियन मात्र थांबला. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि खर्चाचे पैसे भरले. गोष्ट संपल्यावर येशू प्रश्नच उलटा करतो : या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला?

या उलटापालटीत दाखल्याचे सारे मर्म आहे. शास्त्र्याच्या प्रश्नात शेजारी ही मोजून घ्यावयाची सीमा आहे. येशूच्या प्रश्नात शेजारी ‘असणे’ नसून शेजारी ‘होणे’ आहे. मराठीतील ‘शेजार’ हा मुळात घराला घर लागून असण्याचा, म्हणजे जागेचा शब्द. दाखल्याने त्याला कृतीचा अर्थ दिला.

सामरियनाच्या मनात जे उमटले त्यासाठी मराठी भाषांतरात ‘कळवळा’ हा शब्द रूढ आहे, आणि तो विशेष समर्पक आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या नामापासून झालेले आहे. आपणही दुसऱ्याचे दुःख पाहून आतडे तुटते, आतड्याला पीळ पडतो, असे म्हणतो. ‘दया’ या शब्दात वरून खाली पाहण्याची एक छटा येऊ शकते. ‘कळवळा’ या शब्दात ‘कळ’ पाहणाऱ्याच्याच पोटात उठते. संतवाङ्मयाने हा शब्द आधीच घडवून ठेवला होता. त्यामुळे ख्रिस्ती शास्त्रवचन येथे मराठीच्या आपल्या शब्दात बोलू शकले.

३. वाचनाकडून वर्तनाकडे

या शब्दांना मराठी जीवनात कोणता आशय मिळाला, हे पाहण्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. योगायोग असा की दोन्हींचा संबंध जुन्या मध्यप्रांताशी येतो.

नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले आणि नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती आली. गोंदियाहून राजनांदगावकडे जाणारा हा लोहमार्ग दरेकसाच्या डोंगरातून, म्हणजे कचारगडाच्या परिसरातूनच जातो. पुढे वाचन करीत असता मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या वाचनाचा व्यवहार मात्र आपल्याला दिसतो तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३७) या आत्मकथनात. पतीकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनी प्रथम आपले सोवळे आणि वेगळी चूल सांभाळली होती. जातिभेद मनुष्यकृत आहे हा निर्णय त्यांच्या मनाने घेतला, तेव्हा त्याचा पुरावा त्यांनी अन्नपाण्याच्या व्यवहारात दिला. ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थ येथे व्यासपीठावर नव्हे, स्वयंपाकघरात पालटतो. लक्ष्मीबाईंनी १९०० साली घेतलेला बाप्तिस्मा या पालटामागून येतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. आईवडील आणि बहीण यांना उपासमारीत गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुली व स्त्रिया यांना त्यांनी आपल्याबरोबर आणले. केडगावचे मुक्तिसदन या कामातून वाढले. याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर (१९२२) दोन वर्षांनी, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा साध्या मराठीचा त्यांनी आग्रह धरला. त्यांची संस्कृतविद्या लक्षात घेता हा साधेपणा म्हणजे भाषेचे दारिद्र्य नव्हे. तो जाणीवपूर्वक केलेला त्याग आहे. भुकेल्या मुलीला भाकर देणे आणि तिला कळेल असे वाक्य देणे ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी एकाच कळवळ्याची होती, असे म्हणावे लागेल.

४. हिस्लॉप आणि लिंगोकथा

या दोन्ही उदाहरणांत कळवळ्याचे स्वरूप ‘देण्याचे’ आहे. तिसरे उदाहरण ‘ऐकण्याचे’ आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७ ते १८६३) १८४५ मध्ये नागपुरास आले. शाळा, धर्मप्रचार, भूस्तरशास्त्र आणि लोकजीवनाचा अभ्यास अशी त्यांच्या कार्याची व्याप्ती होती. गोंडांची गाथा गाणाऱ्या प्रधान गायकाच्या तोंडून त्यांनी लिंगोची कथा गोंडीत लिहून घेतली. सप्टेंबर १८६३ मध्ये बोरी-टाकळघाट परिसरात ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे मध्यप्रांताचे प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. गोंडी संहिता आणि तिचे इंग्रजी भाषांतर असे या कथेचे स्वरूप होते.

या पाठात महादेव गोंडांना गुहेत कोंडून दाराशी प्रचंड शिळा लावतो. निसटलेले चौघे काचीकोपा लोहागड येथे आश्रय घेतात. कचारगड म्हणजेच ते स्थळ, असे गोंडी परंपरेचे अभ्यासक मानतात. लिंगो त्या चौघा भावांना भेटतो आणि त्यांचा होऊन राहतो. पुढे बायकांच्या खोट्या आरोपावर विश्वास ठेवून तेच भाऊ त्याला ठार करतात. लिंगो पुन्हा जिवंत होतो. सूड न घेता तो कोंडलेल्या गोंडांच्या शोधात निघतो. चंद्राला, ताऱ्यांना, सूर्याला त्यांचा ठावठिकाणा विचारतो. त्यांच्या सुटकेसाठी महादेव त्याला बिंदो नावाच्या पक्ष्याची पिले आणावयास सांगतो. घरट्याशी पोचल्यावर लिंगो विचार करतो की आईबापांच्या मागे पिले उचलली तर आपण चोर ठरू. तो थांबतो. पिलांना खाण्यासाठी आलेल्या सर्पाला मारतो, आणि परतलेले पक्षी कृतज्ञतेने स्वतःच त्याच्याबरोबर येतात.

कचारगडला सांगितली जाणारी कथा याहून निराळी आहे. तेथे काली कंकालीची तेहतीस मुले शंभूने याच डोंगरातील गुहेत कोंडलेली आहेत. हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुरांनी त्यांच्या अंगी बळ येते आणि शिळा ढकलली जाते. त्या शिळेखाली हिरासुकाचा प्राण जातो. छापील पाठात गुहा दूर हिमालयात, धवलगिरीवर आहे. यात्रेकरूच्या कथेत ती डोळ्यांसमोर आहे. हा फरक केवळ पाठभेदाचा नाही. कथा कोणाच्या जवळ आहे, याची ती खूण आहे.

५. साम्याचा मोह

ख्रिस्ती वाङ्मय वाचणाऱ्याला येथे एक मोह पडतो. ज्यांचे भले केले त्यांच्याच हातून मृत्यू, पुनरुत्थान, बंदिवानांची मुक्ती, एकाच्या प्राणाने अनेकांची सुटका, हे सारे घटक त्याच्या ओळखीचे असतात. लिंगोला ख्रिस्ताची छाया म्हणणे मग सोपे होते. हा मोह आवरावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते, आणि त्याचे कारण शास्त्रवचनातच आहे.

सामरियनाने जखमी माणसाला सामरियन केले नाही. त्याला आपल्या घरीही नेले नाही; उतारशाळेत ठेवले, त्याच्या खर्चाची तरतूद केली आणि तो आपल्या वाटेने गेला. वाचलेला माणूस ज्याचा होता त्याचाच राहिला. शेजारी होणे म्हणजे दुसऱ्याला आपल्यात विरघळवून घेणे नव्हे. लिंगो लोकांना मुक्त करून गोत्रव्यवस्थेत, नात्यांत आणि पूजाविधीत बसवतो. ही मुक्ती पापापासूनची नाही. ती बंदिवासातून समाजाकडे नेणारी आहे. साम्याच्या उत्साहात हा अर्थ पुसला गेला तर आपण शेजाऱ्याचे ऐकले असे होत नाही. आपलाच आवाज परत ऐकला, एवढेच होते.

हिस्लॉप यांच्या कार्याचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावयास हवे. ज्या श्रद्धेच्या जागी त्यांना आपली श्रद्धा आणावयाची होती, तिची गाथा त्यांनी गोंडीतच लिहून घेतली, ही गोष्ट सामान्य नाही. परंतु नंतरच्या चर्चेत संकलक हिस्लॉप आणि संपादक टेंपल यांची नावे राहिली. गायक मात्र ‘एक प्रधान’ एवढाच उरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंड अभ्यासकांनी लिंगोदर्शनाची मांडणी स्वतःच्या भूमिकेतून केली, तेव्हा ही कथा आपल्या माणसांच्या मुखी परत आली.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की शास्त्रवचनाचे उपयोजन मराठीत तीन पातळ्यांवर झाले. लक्ष्मीबाईंनी ते चुलीपाशी आणले, रमाबाईंनी दुष्काळात आणि भाषेत आणले, आणि हिस्लॉप यांच्या लेखणीतून ते अपुरे का होईना, पण ऐकण्याच्या कृतीत आले. या तिसऱ्या पातळीचा संबंध आपल्या विद्याशाखेशी अगदी जवळचा आहे. लोकसाहित्याच्या संकलनासाठी कचारगडच्या यात्रेला जाणारा पदव्युत्तर विद्यार्थी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन जातो आणि कथा घेऊन परततो. सांगणाऱ्याचे नाव नोंदवणे, त्याची अनुमती घेणे, लिहिलेला पाठ त्याला वाचून दाखवणे, गोंडी शब्दाला मराठी प्रतिशब्द देताना मूळ शब्दही राखणे, या गोष्टी संशोधनपद्धतीच्या पुस्तकात शिस्त म्हणून येतात. वास्तविक त्या कळवळ्याच्या गोष्टी आहेत.

याचा दृष्टान्त शुभवर्तमानात शोधावयास नको. तो लिंगोकथेतच आहे. घरट्यापाशी पोचलेला लिंगो पिले उचलत नाही; ज्यांची ती आहेत त्यांच्या येण्याची वाट पाहतो. संकलकाने कथा घ्यावी ती अशी, ज्यांची आहे त्यांच्या समक्ष.