महामारीतील दूरस्थ वर्ग : एका मिशन शाळेकडून घेतलेले धडे

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत ख्रिस्ती मिशनने चालविलेल्या शाळेविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. त्याचे एक उत्तर इतिहासात आहे आणि दुसरे २०२० सालच्या पावसाळ्यात. इतिहासातले उत्तर आधी देतो. जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार यांनी चालविलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनच्याच नियतकालिकाने छापला. पुढच्याच वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. सरकारचे दार बंद असताना मिशनचे दार निदान किलकिले होते, हे मान्य करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. (मिशनच्या मंडळींतही जात पुसली गेली नाही, हेही आम्ही जाणतो; तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

आता दुसरे उत्तर. मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या. आमची मुले पेट्या डोक्यावर घेऊन वाड्या-तांड्यांवर परतली. चार-सहा आठवड्यांची सुट्टी, अशी सर्वांची समजूत होती. जून उजाडला तरी दार उघडेना. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा झाली, दीक्षा अॅप आले, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. आम्ही शिक्षक मात्र खडू हातात घेऊन रिकाम्या वसतिगृहासमोर उभे होतो. आमच्यापैकी बहुतेकांनी तोवर फोनचा उपयोग बोलण्यापलीकडे केला नव्हता, हे कबूल केलेले बरे.

तालुक्याच्या गावी भगिनींनी चालविलेली एक मिशन शाळा आहे. तिचे दूरस्थ वर्ग उत्तम चालले आहेत असे ऐकून आम्ही तिघे शिक्षक ऑगस्टमध्ये तेथे गेलो. आवारातील कडुलिंबाखाली अंतर राखून खुर्च्या मांडल्या होत्या. गणिताच्या एका ज्येष्ठ टीचरनी सारी हकीकत सांगितली, आणि आरंभ त्यांनी आपल्या चुकीपासून केला. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी शाळेचे वेळापत्रक जसेच्या तसे पडद्यावर आणले होते : सकाळी प्रार्थना, मग ओळीने पाच तास, गणवेशाचीही सक्ती. दहा दिवसांत उपस्थिती निम्म्यावर आली. व्यवस्थापनाला वाटले, मुले आळसावली. या टीचरना मात्र हजर मुलांपेक्षा गैरहजर मुलांची यादी अधिक बोलकी वाटली. त्यांनी ती वहीत उतरवली तेव्हा दिसले की, त्यातील बहुतेक नावे नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या वस्तीतली आणि हमालवाड्यातली होती. घरात एकच फोन, आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाणारा. ज्यांना टाळेबंदीतही सुट्टी नव्हती, त्यांचीच मुले वर्गाबाहेर पडली होती.

त्यानंतरचे बदल शिक्षिकांनी केले. व्यवस्थापनाने नंतर मान डोलावली, इतकेच. प्रत्यक्ष वर्ग दोनच ठेवले आणि तेही सायंकाळी सातनंतर, फोन घरी आल्यावर. उरलेले पाठ आठ-दहा मिनिटांच्या ध्वनिफितींत बसविले, कारण चित्रफितीला लागणारा डेटा गरिबाच्या रिचार्जला परवडत नाही. ध्वनिफीत मूल तीनदा ऐकू शकते, भाकरी थापणारी आईही ऐकते. प्रश्नपत्रिका सोमवारी वस्तीतल्या किराणा दुकानात ठेवायच्या आणि सोडविलेल्या शनिवारी तेथूनच उचलायच्या. शिवाय प्रत्येक टीचरकडे वीस मुले वाटून दिली आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाला फोन करायचा असे ठरविले. त्या फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा नसे. ‘जेवलास का?’ हा असे. एका मुलाने या प्रश्नाला दोनदा उत्तर दिले नाही, तेव्हा त्याच्या घरी धान्य पोहोचविण्यात आले.

प्रार्थनेचीही एक गोष्ट त्यांनी सांगितली. वर्गात बौद्ध, मुस्लिम, हिंदू मुले असतात. शाळेच्या प्रांगणात प्रार्थना होते तेव्हा प्रश्न उद्भवत नाही. पण फोनवरून ती कोणाच्याही घरात शिरते. म्हणून त्यांनी प्रार्थना वर्गाच्या पाच मिनिटे आधी ठेवली; ज्याला हवे त्याने तेव्हा यावे. आम्ही परतीच्या वाटेवर यावर बराच वेळ बोललो. आमच्याकडेही पारधी, भिल्ल, मातंग कुटुंबांतील मुले आहेत. त्रिशरण-पंचशील आम्ही सर्वांकडून म्हणवून घेतो, तेव्हा कोणाला विचारतो काय? पुढे आम्हीही वंदनेसाठी तशीच आधीची पाच मिनिटे ठेवली. यावर आमच्यात मतभेद झाले आणि ते आजही आहेत.

महामारीत घरबसल्या शाळा चालविण्याचा प्रयोग जगाला नवा नाही. १९३७ च्या सप्टेंबरात शिकागो शहरात पोलिओची साथ आली आणि शाळा उघडणे लांबणीवर पडले. तेव्हा तेथील शिक्षण खात्याने रेडिओवरून पाठ दिले. तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रसारित झाले, त्यांचे वेळापत्रक आणि गृहपाठ वर्तमानपत्रांनी छापले आणि शंका विचारण्यासाठी शिक्षकांना दूरध्वनीवर बसविण्यात आले. तक्रारीही आल्या : काहींच्या घरी रेडिओ नव्हता, काहींना आवाज नीट येत नव्हता, आणि जी मुले आधीच मागे होती त्यांना पाठाचा वेग पेलवला नाही. त्र्याऐंशी वर्षांनी आमच्या वाड्यांवर यातील एकही तक्रार जुनी झालेली नव्हती.

आपल्या देशाची स्थिती आकड्यांतही दिसते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरात सुमारे ४२ टक्के आणि ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के होती. संगणक तर ग्रामीण भागात शंभरातील चार-पाच घरांतच. हे आकडे सर्व जातींचे मिळून आहेत. गावकुसाबाहेरच्या वस्तीत ते किती उतरतात, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. भीमराव नावाचा एक मुलगा साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे. तो वर्गात होता आणि वर्गापासून दूरही होता. ‘दूरस्थ शिक्षण’ हा शब्द आम्ही प्रथम सरकारी परिपत्रकात वाचला, तेव्हा ते गोणपाट आमच्या डोळ्यांसमोर आले.

मिशन शाळेची पद्धत आम्ही उचलली, पण ती आमच्याकडे जशीच्या तशी चालली नाही. त्यांची मुले गावातच होती. आमची चार तालुक्यांत विखुरलेली. अनेक घरांत साधा बटनांचा फोन. म्हणून आम्ही ध्वनिफितीऐवजी फोनवरच पाठ घेतले. चार-पाच मुलांना एका वेळी जोडून वीस मिनिटे शिकवायचे. बोलणे अमर्याद असलेल्या रिचार्जमुळे हे साधले. भूमिती मात्र फोनवर शिकविता येत नाही, हा धडा आमचे आम्हीच शिकलो. जेथे विहार आहे तेथे आमचे माजी विद्यार्थी सायंकाळी त्याच्या ओट्यावर धाकट्यांना अंतर ठेवून बसवू लागले. एका वाडीवर एका बारावी झालेल्या मुलीने हे काम आठ महिने विनावेतन केले. तिच्याकडे येणारी सर्व मुले आजही शाळेत आहेत.

ऑक्टोबर उजाडला आणि आमची खरी कसोटी सुरू झाली. ऊसतोडीचा हंगाम येतो तेव्हा मजूर कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. एरवी मुले मागे राहतात ती वसतिगृहामुळे. त्या वर्षी वसतिगृह बंद होते, तेव्हा मुलेही आईबापांबरोबर गेली. मोठ्यांनी कोयता धरला, मुलींनी लहान भावंडे सांभाळली. फडात ना रेंज, ना चार्जिंग. आमचे फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ येऊ लागले. नववीतील काही मुलींची लग्ने उरकल्याचे आम्हाला नंतर कळले. त्यांच्या वयाचे दाखले आमच्याच दप्तरात होते, आणि आम्ही वेळीच तेथे पोहोचू शकलो नाही.

मिशन शाळेचा वर्ग घरी नेता आला, कारण तेथे मुलाला घर होते आणि वर्ग तेवढा हवा होता. आमच्या मुलाला मात्र वर्गाआधी बसायला जागा, दिवा, दोन वेळचे जेवण आणि कामातून सुटका हवी असते. बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि १९२५ साली सोलापूरला तिचे वसतिगृह सुरू झाले. परळच्या चाळीतील अपुऱ्या खोलीत रात्री उठून अभ्यास केलेल्या माणसाला जागेची किंमत ठाऊक होती. २०२० मध्ये शासनाने ‘शिक्षण सुरू’ म्हटले तेव्हा त्या हिशेबात वसतिगृह कोठेच नव्हते. नोव्हेंबरच्या अखेरीस नववी ते बारावीचे आणि जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग उघडू लागले, तोवर आमची मुले फडात होती. दुसऱ्या लाटेत पुन्हा सारे बंद झाले.

त्या वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. आमचीही सर्व मुले उत्तीर्ण झाली. गुणपत्रिका न्यायला आलेल्या एका मुलाच्या तळहातांना घट्टे पडले होते. त्याने कागद पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, “सर, इतिहासाचं पुस्तक कुठवर झालं होतं?” आम्ही त्याला पुस्तक दिले. कोठवर झाले होते ते सांगितले नाही, कारण त्याच्यापुरते ते पहिल्या पाठाच्या पुढे गेलेच नव्हते.

आता दर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आम्ही एक वेगळी नोंदवही भरतो : घरी फोन कोणाचा, तो कोणत्या वेळी घरी असतो, कुटुंब तोडीला जाते काय, कोणत्या कारखान्याकडे, मुकादम कोण, जवळचा विहार कोठे, तेथे शिकविणारे कोण आहे. रकाने आखण्याची रीत त्या गणिताच्या टीचरच्या वहीतली आहे. त्या मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. पहिल्या नोंदवहीची एक प्रत आम्ही त्यांना नेऊन दिली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी मुकादमाचा रकाना वाचला आणि म्हणाल्या, “हा आमच्याकडे नव्हता.”