नाव, चिन्ह आणि दार

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगाव हे गाव लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी या गावाजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, संत गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर; परंतु ते नाव आज फार थोड्यांना ठाऊक असते. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे दिसले, की लोक त्यांना दुरूनच ओळखीत. त्या गाडग्यावरूनच त्यांचे नाव रूढ झाले. ही चिन्हे त्यांनी कोणा चित्रकाराकडून काढून घेतली नव्हती. बाबा गाव झाडीत, म्हणून हाती खराटा आला. गाडग्यातच भाकरी खात, म्हणून गाडगे जवळ राहिले. आधी काम होते, मागून चिन्ह आले.

मुलांनो, आता अशी कल्पना करू, की वलगावच्या एका शाळेतील मुलामुलींनी आपल्या कथा, कविता व चित्रे यांचे मासिक काढण्याचे ठरविले. ते कागदावर छापावयाचे नाही, तर इंटरनेटवरील संकेतस्थळावर ठेवावयाचे आहे. मासिक सर्वांचे असावे, याविषयी सगळ्यांचे एकमत आहे. मग प्रथम काय करावे? बहुतेक जण म्हणतील, “सुंदरसे नाव शोधू, बोधचिन्ह काढू, रंग ठरवू.” सूचना चुकीची नाही, पण ती अपुरी आहे.

नावाचाच विचार करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी एक पाक्षिक सुरू केले व त्याचे नाव ‘मूकनायक’ असे ठेवले. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले गेले नव्हते, त्यांच्या वतीने हे पत्र बोलणार, हे त्या एका शब्दातच सांगितलेले होते. पुढे १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी अंध वाचकांसाठी ब्रेल लिपीतील मराठी पाक्षिक काढले. त्याचे नाव ‘स्पर्शज्ञान’. सहा ठिपक्यांच्या मांडणीतून घडलेली ही लिपी बोटांनी वाचावयाची असते. म्हणून तेथे रंगीत मुखपृष्ठाला महत्त्व नाही, कागदावरील उंचवट्याला आहे. ही दोन्ही नावे म्हणजे वाचकाला दिलेली वचने होत. ‘सर्वांचे मासिक’ असे म्हणणारानेही एक वचनच दिलेले असते. ते पाळले गेले की नाही, हे नावाच्या पाटीवरून कळत नाही. दारात उभे राहून पाहावे लागते.

आपल्या मासिकाच्या दाराशी कोण कोण येईल?

पहिली येईल ती दृष्टिहीन मुलगी. तिच्या संगणकात पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी एक प्रणाली असते. संगणक अक्षरे ओळखतो ती क्रमांकांनी. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक आहे. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५. मजकूर या पद्धतीने लिहिला असेल, तर ती प्रणाली तो वाचू शकते. पण एखाद्याने मोठ्या हौसेने मोराचे चित्र काढून त्याच्या पिसाऱ्यात कविता रंगविली, तर संगणकाच्या दृष्टीने ते केवळ चित्र होय. आपण “वाहवा!” म्हणू; त्या मुलीला मात्र कविता ऐकूच येणार नाही. मग मोर काढून टाकावा काय? मुळीच नाही. मोर राहू द्यावा. त्याच्याखाली कविता अक्षरांत लिहावी आणि चित्राचे वर्णनही शब्दांत जोडावे.

दुसरा येईल तो मंद दृष्टीचा वाचक. त्याच्यासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांत ठळक भेद हवा. संकेतस्थळांच्या जागतिक मार्गदर्शक नियमांत साध्या मजकुरासाठी या दोहोंच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, असे सांगितले आहे. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरे कितीही नाजूक दिसली, तरी ती वाचकाला परत पाठवितात. लाल व हिरवा यांतील भेद कित्येकांना दिसत नाही. म्हणून “हिरवे बटण दाबा” एवढेच न लिहिता त्या बटणावर ‘पुढे’ असा शब्दही लिहावा.

तिसऱ्याला हाताच्या दुबळेपणामुळे माउस फिरविता येत नाही. त्याला केवळ कळफलकाच्या साहाय्याने सर्व पानांवर जाता आले पाहिजे. चौथीला ऐकू येत नाही. तिच्यासाठी ध्वनिफितीतील गोष्ट लिहूनही ठेवावी. पाचव्याजवळ जुना मोबाइल आहे व त्याच्या गावी इंटरनेटची गती मंद आहे; त्याच्यासाठी चित्रे आटोपशीर आकाराची असावीत.

आणि सहावा? त्याला सर्व दिसते, ऐकू येते. तरीही तो दाराशीच घुटमळतो. तो घरी ‘मला’ न म्हणता ‘मले’ म्हणतो. आपल्या वऱ्हाडी बोलीला कोणी हसेल, अशी त्याला भीती वाटते. याच जिल्ह्याच्या मेळघाटातील मुलगी कोरकू भाषेत गाणे रचते. तिलाही हाच संकोच. त्यांच्या लेखनाला मानाचे पान मिळाले नाही, तर बाकीची सारी सोय व्यर्थ होय.

एवढे झाल्यावर बोधचिन्ह खुशाल काढा. ते नखाएवढे लहान केले, तरी ओळखू यावे. एकाच रंगात छापले, तरी स्पष्ट राहावे. आणि त्याचे वर्णन एका वाक्यात करता यावे. मासिक सर्वांपुढे ठेवण्यापूर्वी मात्र या सहा वाचकांना बोलवा व ते काय म्हणतात ते ऐका. त्यांच्या वतीने आपणच अंदाज बांधणे बरे नव्हे.

गाडगेबाबांनी पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली, ती ज्या वारकऱ्यांना इतरत्र थारा नव्हता त्यांच्यासाठी. तिची थोरवी पाटीवरील अक्षरांत नव्हती, उघड्या दारात होती. मासिकाचेही तसेच आहे.

अभ्यास

१. ‘आधी काम होते, मागून चिन्ह आले’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
२. ‘मूकनायक’ व ‘स्पर्शज्ञान’ ही नावे वचनांसारखी का आहेत?
३. मोराच्या चित्रातील कविता दृष्टिहीन मुलीपर्यंत कशी पोहोचेल?
४. तुमच्या शाळेच्या भित्तिपत्रकापासून कोण दूर राहतो? त्याच्यासाठी काय कराल, ते दहा ओळींत लिहा.