हात वर करण्याआधी : सायकल शर्यतीतून वर्गासाठी एक पाठ



जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या जिल्ह्यात झाली. तिचा मार्ग आपल्या मुळशीतूनही गेला. तेव्हापासून आमच्या मुलांना एक नवा खेळ सापडला आहे. मैदानावर चुन्याची रेषा मारायची, जोरात सायकल हाणायची आणि रेषा यायच्या आधीच दोन्ही हात सोडून वर करायचे. "मॅडम, मी जिंकलो!"

हे बघून ओरडावंसं वाटतं, आणि सायकल रस्त्यावर असेल तर ओरडायलाच हवं. पण मी स्वतः सायकल शर्यतींची वेडी आहे. मार्क कॅव्हेंडिश हा माझा सगळ्यात आवडता स्प्रिंटर. तो जिंकून हात वर करायचा तेव्हा मीही घरात टीव्हीसमोर हात वर करायचे! म्हणून वाटलं, मुलांना नुसतं "हात सोडू नका" म्हणण्यापेक्षा या वर केलेल्या हातांचाच एक पाठ घ्यावा. तिसरी ते सातवी कुठल्याही वर्गात घेता येईल.

आधी थोडी माहिती

स्प्रिंटर म्हणजे शर्यतीच्या शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये सगळी ताकद ओतणारा सायकलपटू. सपाट रस्त्यावर त्याचा वेग तेव्हा ताशी ७० किलोमीटरच्या आसपास जातो. रेषेवर निकाल ठरतो तो पुढच्या चाकाच्या पुढच्या कडेवर. कोणाचं डोकं पुढे, कोणाचा हात पुढे, याला काही किंमत नाही. म्हणून जाणते स्प्रिंटर शेवटच्या क्षणी हात लांब करून सायकल पुढे ढकलतात. चाक वीतभर जरी पुढे गेलं तरी निकाल फिरतो.

जिंकल्याची खात्री झाली की मग हात वर. छातीवर ज्या प्रायोजकाचं नाव असतं ते फोटोत दिसावं, हेही त्यात असतं. पण खरा असतो तो आनंदच.

पहिला प्रश्न : हात कधी वर करायचे?

मुलांना एरिक झाबेलची गोष्ट सांगा. हा जर्मन स्प्रिंटर इटलीतली मिलान–सान रेमो ही मोठी शर्यत चार वेळा जिंकला होता. २००४ साली पाचव्यांदा जिंकतोय असं वाटून त्याने रेषेच्या जरासं आधी हात वर केले. बाजूने स्पेनच्या ऑस्कर फ्रेरेने सायकल पुढे ढकलली आणि शर्यत फ्रेरेची झाली.

२०२० साली बेल्जियममधल्या लिएज–बास्टोन–लिएज शर्यतीत तसंच घडलं. फ्रान्सचा ज्युलियन अलाफिलिप आठवड्यापूर्वीच विश्वविजेता झालेला. त्याने हात वर केले आणि प्रिमोझ रोग्लिचने त्याला रेषेवर गाठलं. वर धावताना मार्ग बदलल्याबद्दल पंचांनी अलाफिलिपला पाचव्या क्रमांकावर ढकललं ते वेगळंच.

आता गणित करू या. ताशी ७० किलोमीटर म्हणजे ७०,००० मीटर भागिले ३,६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण १९ मीटर. एक सेकंद लवकर हात वर केले तर रेषा अजून १९ मीटर लांब! मैदानावर टेपने १९ मीटर मोजा, दोन्ही टोकांना एकेक मूल उभं करा. एक सेकंद केवढा असतो हे पुस्तकापेक्षा लवकर कळतं. मग मुलांच्या सायकलीचा वेग धरा, ताशी १५ किलोमीटर. सेकंदाला चार मीटरपेक्षा थोडं जास्त. ब्रेक हँडलवर असतो आणि हात हवेत. समोर कुत्रं आडवं आलं तर ते चार मीटर आपले नसतात. पौड रस्त्यावर डंपर आणि शनिवार-रविवारच्या गाड्यांची गर्दी आपण रोज बघतो. "हात सोडू नको" हा नियम मुलांनी स्वतः हिशोब करून काढला की तो जास्त दिवस टिकतो.

वर्गातही हेच होतं बघा. उदाहरण सुटलं की काही मुलं "झालं, झालं!" म्हणून पाटी उंच करतात आणि हातचा एक राहिलेला असतो. आमच्या वर्गात आता कोणी असं केलं की बाकीची पोरंच म्हणतात, "चाक गेलं का रेषेपलीकडे?" मूल हसतं आणि पडताळा घेतं. माझं अर्धं काम वाचतं.

दुसरा प्रश्न : हात कोणाकडे?

कॅव्हेंडिश आवडता असला तरी त्याचं सगळंच मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावं असं नाही. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या टूर दी रोमांदीत तो एक टप्पा जिंकला आणि टीकाकारांना उद्देशून त्याने दोन बोटांचा अपमानकारक इशारा केला. त्याच्याच संघाने त्याला त्या शर्यतीतून बाहेर काढलं. जिंकलेल्या माणसाला!

इथे मुलांना विचारा : आखाड्यात कुस्ती झाली की पैलवान काय करतो? आपल्या भागातली मुलं लगेच सांगतात. हरलेल्याला उठवतो, गळाभेट घेतो, वस्तादांच्या पाया पडतो, मग पब्लिककडे हात करतो. हा क्रम मुलांच्या तोंडूनच येऊ द्या. आनंद दाबायचा नाही, पण तो हरलेल्याच्या तोंडावर फेकायचा नाही.

तिसरा प्रश्न : मागे कोण आहे?

माझ्या मते पाठाचा गाभा इथे आहे. सायकलपटूची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या अगदी मागे राहिलं की त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणून स्प्रिंटरच्या पुढे त्याचे सहकारी एकामागून एक वारा अंगावर घेत जातात. शेवटचा सहकारी त्याला रेषेजवळ आणून सोडतो आणि बाजूला होतो.

२००९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये कॅव्हेंडिश पहिला आला. दुसरा कोण? त्याला तिथवर आणणारा मार्क रेनशॉ! बाकी सगळे इतके मागे पडले की सोडणारा माणूसही दुसरा आला. अशा वेळी मागचा सहकारीही हात वर करतो. तो स्वतः हरलेला असतो, तरी.

आमच्या चौथीत एक मुलगी आहे. रिलेत ती कधीच शेवटची धावत नाही, म्हणून तिचा फोटो कधी येत नाही. तिला अंतर भरून काढता येतं. बॅटन देते तेव्हा संघ पुढे असतो. हा पाठ झाल्यावर एका मुलाने आपणहून म्हटलं, "मॅडम, ही आमची रेनशॉ." ती काही बोलली नाही. पण पुढच्या सरावाला सगळ्यात आधी आली.

पालकहो, स्टेटसला फोटो टाकताना हे जरा आठवा. पहिल्या आलेल्याचा टाकाच, पण मागे हात वर केलेलं मूलही फोटोत असू द्या.

आणि शेवटी कॅव्हेंडिशचा ३५ वा विजय

टूर द फ्रान्समध्ये सर्वाधिक टप्पे जिंकण्याचा एडी मर्क्सचा विक्रम ३४ चा होता. कॅव्हेंडिशने २०२१ मध्ये बरोबरी केली. २०२३ मध्ये तो पडला, गळपट्टीचं हाड मोडलं. २०२४ मध्ये ३९ व्या वर्षी परत आला. २९ जूनला पहिल्याच दिवशी उन्हाने त्याला उलट्या झाल्या. वेळेच्या मर्यादेत पोचतो की नाही अशी गत. सहकारी त्याच्याबरोबर थांबले, त्याला घेऊन आले. ३ जुलैला पाचव्या टप्प्यात तो ३५ वा विजय मिळवून गेला. त्या दिवशी प्रतिस्पर्धीही येऊन त्याला मिठी मारत होते.

मुलांना बुधवारचा फोटो दाखवा, पण शनिवारची गोष्टही सांगा.

मुलांसाठी काम

१. ताशी ३६ किलोमीटर वेगाने एका सेकंदात किती मीटर अंतर कापलं जाईल?

२. कबड्डी, कुस्ती, खो-खो, क्रिकेट : जिंकल्यावर खेळाडू काय करतात? निरीक्षण करून चार ओळी लिहा.

३. या आठवड्यात तुम्हाला एखादी गोष्ट जमली, त्यात तुमच्यासाठी वारा कोणी अंगावर घेतला? त्या व्यक्तीला जाऊन सांगा. लिहायची गरज नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तपासायला मागू नका. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांकडे लक्ष ठेवा. उत्तर तिथे दिसतं. तुमच्या वर्गात काय दिसलं ते जरूर कळवा.