दुकानातला मोर

(लॅपटॉप विकत घेताना आपण त्याचा वेग आणि किंमत विचारतो, पण ज्याच्याकडे तासन्‌तास पाहायचे, त्या पडद्याचा विचार क्वचितच करतो. प्रस्तुत पाठात लेखकाने स्वतःच्या एका चुकीची हकीकत सांगून पडदा कसा निवडावा हे समजावून दिले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या वस्तूच्या चकाकीला भुलून तुम्ही कधी खरेदी केली आहे का? मी केली आहे. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

बी.एड. झाल्यावर मला शाळेत नोकरी लागली. माझी धाकटी बहीण तेव्हा बारावीत, विज्ञान शाखेत शिकत होती. प्रवेश परीक्षेचे बरेच धडे तिला संगणकावर पाहावे लागत. तिच्यासाठी लॅपटॉप घ्यावा म्हणून मी दहा महिने पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले.

"भाईजान, मी येऊ का बरोबर?" तिने विचारले.

"तू अभ्यास कर. मी चांगलाच आणतो," मी म्हणालो. माझी पहिली चूक तिथेच झाली.

दुकानात दिव्यांचा झगमगाट होता. एका लॅपटॉपच्या पडद्यावर मोर नाचत होता. त्याच्या पिसाऱ्यातला हिरवा आणि निळा रंग असा खुलला होता, की नजर हटेना. शेजारी दुसरा लॅपटॉप होता. त्याचा पडदा मला फिका वाटला, जणू त्यावर बारीक धूळ बसली आहे. मोराच्या लॅपटॉपवर 'एचडी' अशी चिठ्ठीही होती. एचडी म्हणजे उत्तमच असणार, असे मी धरून चाललो. पैसे मोजले आणि मोर घरी आणला.

मालेगावातील आमचे घर जुने आहे. पुढच्या खोलीत उजेड येतो तो दारातूनच. दारासमोर शेजाऱ्यांची चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत आहे. दुपारी तिच्यावर कडक ऊन पडते. वारा लागावा म्हणून बहीण दाराकडे पाठ करून बसली आणि तिने पहिला धडा लावला. धड्यातील शिक्षक काळ्या फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहीत होते.

"भाईजान, फळ्यावर मीच दिसते आहे!" ती हसत म्हणाली.

मी वाकून पाहिले. फळ्याच्या जागी तिचा चेहरा, मागची पांढरी भिंत आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे, एवढेच दिसत होते. अक्षरे शोधावी लागत होती. पहिल्या दिवशी आम्ही दोघेही हसलो. चौथ्या दिवशी कोणी हसले नाही. प्रतिबिंब टाळण्यासाठी ती मान तिरकी करून बसायची आणि संध्याकाळी कपाळ दाबत उठायची.

असे का झाले? तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा आहे. तो आठवा. स्थिर पाण्यात आपला चेहरा दिसतो. पण वाऱ्याने पाणी हलले, की चेहरा मोडतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाशाचे किरण ठरावीक दिशेने परत येतात, म्हणून प्रतिबिंब उमटते. खडबडीत पृष्ठभागावरून ते निरनिराळ्या दिशांना विखुरतात, म्हणून प्रतिबिंब उमटत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाज़िर' या ग्रंथात प्रकाश, दृष्टी आणि आरसे यांचा सखोल विचार मांडला होता. आपल्या घरातल्या पडद्यालाही परावर्तनाचे नियम लागू आहेत.

लॅपटॉपचे पडदे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला चकचकीत, म्हणजे ग्लॉसी. दुसरा मॅट. मॅट पडद्याचा पृष्ठभाग अतिशय बारीक खरखरीत केलेला असतो. तो प्रकाश गिळून टाकत नाही, फक्त विखुरतो. म्हणून त्यात भिंत दिसत नाही, दोरीवरचे कपडेही दिसत नाहीत.

आता थोडा हिशेब करू. पडद्याचे तेज 'निट' या एककात मोजतात. साध्या लॅपटॉपच्या पडद्याचे तेज सुमारे २५० निट असते. कडक उन्हातल्या पांढऱ्या भिंतीचे तेज २०,००० निटपेक्षाही अधिक असू शकते. साध्या काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश तिच्या पृष्ठभागावरून परत येतो. २०,००० चे ४ टक्के म्हणजे ८००. एकीकडे पडद्याचे २५० आणि दुसरीकडे भिंतीच्या प्रतिबिंबाचे ८००! डोळ्यांना काय दिसणार, ते तुम्हीच सांगा.

मग चकचकीत पडदा वाईटच असतो का? नाही. अंधाऱ्या किंवा मंद उजेडाच्या खोलीत त्यातला काळा रंग गडद आणि इतर रंग खुललेले दिसतात. छायाचित्रे आणि चित्रपट पाहणाऱ्यांना तो आवडतो. काही चकचकीत पडद्यांवर परावर्तन कमी करणारा लेपही दिलेला असतो. उलट मॅट पडद्यावर जोराचा उजेड पडला, तर काळा रंग करडा दिसू लागतो आणि काही पडद्यांवर अक्षरांभोवती किंचित रवाळपणा जाणवतो. दोन्हींत गुण आहेत आणि दोन्हींत उणिवा आहेत. आपण कुठे बसून काय पाहणार, यावर निवड ठरते.

माझी दुसरी चूक त्या 'एचडी' चिठ्ठीत लपलेली होती.

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. पडद्यावर आडवे आणि उभे किती ठिपके आहेत, त्या संख्येला रेझोल्यूशन म्हणतात. मी आणलेल्या पडद्याचे रेझोल्यूशन १३६६ × ७६८ होते. लॅपटॉपच्या दुकानात यालाच नुसते 'एचडी' म्हणतात. 'फुल एचडी' म्हणजे १९२० × १०८०. गुणाकार करून पाहा. पहिल्यात सुमारे साडेदहा लाख ठिपके होतात, दुसऱ्यात सुमारे पावणेएकवीस लाख. एका शब्दाच्या फरकाने ठिपके जवळजवळ दुप्पट!

ठिपके कमी असले, तर काय बिघडते? आलेखाच्या कागदावर आठ चौकटींच्या उंचीत 'घ' लिहा. चौकट एक तर पूर्ण भरायची, नाही तर कोरी ठेवायची. आता तोच 'घ' चोवीस चौकटींच्या उंचीत लिहा. पहिला 'घ' कदाचित 'ध' सारखा दिसेल. मराठी शिकताना 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष' यांत तुमचा गोंधळ होतोच. पडदा अस्पष्ट असला, तर तो आणखी वाढतो.

उर्दूची गोष्ट तर याहून नाजूक आहे. 'बे', 'पे' आणि 'ते' ही अक्षरे केवळ नुक्त्यांनी ओळखायची. नुक्ते नीट दिसले नाहीत, तर 'पर' आणि 'तर' यांत फरक कसा करणार? त्यातून आपली नस्तालीक लिपी उतरत्या वळणाची. अक्षरे एकमेकांवर रेलतात आणि नुक्ते जवळजवळ येतात. ही लिपी यंत्रावर उतरवणेही सोपे नव्हते. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालीक'मुळे संगणकावर उर्दू वर्तमानपत्र जुळवता येऊ लागले. तोवर ते काम कातिबांच्या हातीच असे.

माझ्या बहिणीची अडचण मात्र आकड्यांची होती. एका सराव परीक्षेत दहाच्या डोक्यावरचा बारीक इंग्रजी तीन तिला आठ वाटला. गणिताची रीत बरोबर होती, उत्तर चुकले. ती मला काहीच बोलली नाही. तिने फक्त पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारले, "हा तीन आहे की आठ?" मलाही सांगता आले नाही.

मग ठिपके किती असावेत? निरोगी डोळ्याला साठ सेंटिमीटर अंतरावरून सुमारे ०.१७ मिलिमीटरपर्यंतचे बारकावे वेगळे ओळखता येतात. १५.६ इंची पडद्यावर एचडीचा एक ठिपका सुमारे ०.२५ मिलिमीटरचा असतो, म्हणून अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. फुल एचडीचा ठिपका सुमारे ०.१८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे रोजच्या वाचनाला तो पुरेसा आहे. ३८४० × २१६० हे याहून मोठे रेझोल्यूशन. त्यात फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. अक्षरे आणखी रेखीव दिसतात. पण किंमत वाढते, यंत्रावर ताण येतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

येथे एक सूचना लक्षात ठेवा. अक्षरे बारीक वाटली, तर रेझोल्यूशन कमी करू नका. तसे केले, तर अक्षरे मोठी होतात. पण पुसट दिसतात. त्याऐवजी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के करा.

दुकानदाराने लॅपटॉप परत घेतला नाही. नवा घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. मग आम्ही आहे त्यातच मार्ग काढला. दार पाठीमागे न येता बाजूला येईल, असे मेज फिरवले. पडद्याचे तेज वाढवले, अक्षरे मोठी केली. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहण्याची सवय तिने लावून घेतली. त्रास कमी झाला, पण गेला नाही. त्या वर्षी तिला हवे तेवढे गुण मिळाले नाहीत. सगळा दोष पडद्याचा होता, असे मी म्हणणार नाही. पण तो तीन आणि आठ मी आजही विसरलेलो नाही.

दोन वर्षांनी आमच्या शाळेच्या वाचनालयासाठी लॅपटॉप घ्यायचे ठरले. पालकांनी वर्गणी जमवली होती. या वेळी मी बहिणीला म्हणालो, "चल बरोबर."

तिने पेन ड्राइव्हमध्ये एक पान भरून आणले होते. त्यावर नुक्त्यांची उर्दू अक्षरे, 'घ-ध' आणि 'भ-म' यांच्या जोड्या आणि बारीक घातांक होते. दुकानात पुन्हा मोर नाचत होताच. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "काका, आधी हा बंद करून दाखवा," ती म्हणाली. बंद पडद्यात तिचा चेहरा स्वच्छ दिसला. तो तिने बाजूला ठेवला. दुसऱ्याच्या बंद पडद्यात नुसती अंधूक सावली दिसली. "आता हा सुरू करून जरा दाराशी नेऊ या." दाराच्या उजेडात तिने आपले पान उघडले, समोरून वाचले, मग दोन्ही बाजूंनी वाचले. एका लॅपटॉपभोवती तीन मुले बसतात, हे तिला ठाऊक होते.

जमलेल्या पैशांत एचडीचे चार लॅपटॉप येत होते. फुल एचडी मॅट पडद्याचे तीनच. मुख्याध्यापकांना चार हवे होते. बहीण अदबीने म्हणाली, "सर, चौथ्यासाठी मुले थांबतील. पण जो वाचताच येत नाही, त्याच्यासमोर किती वेळ बसतील?" सर क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "तीनच घ्या."

आज वाचनालयात मुलांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, हे खरे. पण खिडकीजवळच्या जागेसाठीही भांडण होत नाही. तिथूनही अक्षरे स्पष्ट दिसतात.

मित्रांनो, उद्या तुम्हीही घरासाठी काही खरेदी कराल. ती वस्तू जो वापरणार असेल, त्याला बरोबर न्या. आणि पडदा दुकानाच्या दिव्यांत पाहू नका. दाराशी नेऊन पाहा.

शब्दार्थ

हकीकत – घडलेली गोष्ट
परावर्तन – पृष्ठभागावर आदळून प्रकाशाचे परत फिरणे
प्रतिबिंब – आरशात किंवा पाण्यात दिसणारे रूप
विखुरणे – चहूकडे पसरणे
रवाळ – बारीक कणांसारखे
उणीव – कमतरता
रेखीव – स्पष्ट व सुबक
वर्गणी – सर्वांनी मिळून दिलेले पैसे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने लॅपटॉप कोणासाठी घेतला?
(आ) मॅट पडद्यात प्रतिबिंब का दिसत नाही?
(इ) पिक्सेल म्हणजे काय?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या दोन चुका कोणत्या?
(आ) बहिणीने दुकानात पडद्याची परीक्षा कशी घेतली?
(इ) चारऐवजी तीन लॅपटॉप घेणे तुम्हांला योग्य वाटते का? कारण लिहा.

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
नजर न हटणे, मार्ग काढणे, भुलून जाणे

प्र. ४. 'पडदा', 'हिशेब', 'कागद', 'नजर', 'किंमत' हे मराठी शब्द उर्दूत कसे बोलतात व लिहितात? पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.

उपक्रम : आलेखाच्या कागदावर आठ आणि चोवीस चौकटींच्या उंचीत 'घ' व 'ध' लिहा. दोन मीटर अंतरावरून मित्राला वाचायला सांगा आणि काय दिसले ते वहीत नोंदवा.