पोवळ्याचे भाऊबंद

पोवळे आपणां सर्वांना ठाऊक आहे. लाल, गुळगुळीत, लोक ते अंगठीत घालतात. नवरत्नांत त्याला मान आहे. पण हिरा-माणकासारखे ते जमिनीतून निघत नाही, बरं का! ते समुद्रातून येते. एका प्राण्याच्या अंगातला तो सांगाडा आहे. हा प्राणी कोण, त्याचे भाऊबंद कोण, आणि त्यांतल्या कोणापासून आपण जपावे, ते या धड्यात पाहू.

एक पिशवी, एक तोंड

शाळेत हा विषय शिकवताना आम्ही मुलांना सांगत असू, ‘बटव्यासारखी एक लहान पिशवी डोळ्यांसमोर आणा. तिच्या तोंडाभोवती दोऱ्या लोंबताहेत. झाला प्राणी!’ या कुळातल्या सर्वांची घडण अशीच. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. तोंडही एकच. खाणे त्यातूनच आत जाते, उरलेली घाण त्यातूनच बाहेर पडते.

मग असा दुबळा जीव पोट कसे भरतो? त्याच्या दोऱ्यांवर अगदी बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत एक तंतू गुंडाळून ठेवलेला असतो. त्यांपैकी पुष्कळांत विष असते. सावजाचा धक्का लागला की कुपी फुटते आणि तंतू सुईसारखा त्याच्या अंगात घुसतो. या कुप्यांना दंशपेशी म्हणतात. हीच या घराण्याची खूण.

धाकटा : हायड्रा

हायड्रा गोड्या पाण्यात राहतो. तळ्यातल्या पाणवनस्पतीला चिकटून असतो. लांबी फार तर बोटाच्या पेराच्या निम्मी. दोऱ्याचा तुकडाच जणू! झाडाला फांदी फुटावी तसे त्याच्या अंगाला पिल्लू फुटते. वाढले की ते सुटून वेगळे होते. 1740 साली अब्राहम ट्रेम्ब्ले या गृहस्थांनी हॉलंडमध्ये एका हायड्राचे दोन तुकडे केले. काही दिवसांत दोन्ही तुकड्यांचे दोन पुरे हायड्रा झाले! माणसाला हायड्रापासून काही भय नाही.

भटका : जेलीफिश

नावात ‘फिश’ असले तरी हा मासा नव्हे. उलटी धरलेली पिशवी, म्हणजेच छत्री. ती उघडते, मिटते आणि पुढे सरकते. पुष्कळ जेलीफिशांचे बालपण मात्र हायड्रासारखे एका जागी चिकटून जाते. मग त्या पिलाच्या अंगाच्या बशांच्या उतरंडीसारख्या चकत्या होतात. एकेक चकती सुटते आणि जेलीफिश होऊन पोहू लागते.

हायड्राचाच एक समुद्रातला नातलग आहे. त्याला ‘ब्लू बॉटल’ म्हणतात. दिसायला हवा भरलेली निळी पिशवी. हा एक प्राणी नसून पुष्कळ जिवांचे एकत्र कुटुंब आहे. कोणी शिकार करतो, कोणी पचवतो, कोणी पिल्ले घालतो. याला पोहता येत नाही. वारा नेईल तिकडे जातो. म्हणून पावसाळी वाऱ्यात तो आपल्या किनाऱ्याला लागतो. 2018 च्या ऑगस्टात मुंबईच्या चौपाट्यांवर त्याने बऱ्याच लोकांना दंश केले.

देवदर्शनाला किंवा सहलीला कोकणात गेलात तर वाळूतली निळी पिशवी उचलू नका. मुलांनाही उचलू देऊ नका. जीव मेला तरी कुप्या जिवंत असल्यासारख्याच फुटतात.

दंश झालाच तर काय करावे?

1. माणसाला पाण्याबाहेर आणावे.
2. अंगाला चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत. उघड्या हाताने नको.
3. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. वाळूने चोळू नये. चोळले की उरलेल्या कुप्या फुटतात.
4. तंतू निघाल्यावर सोसेल इतक्या गरम पाण्यात ती जागा वीसेक मिनिटे ठेवावी. भाजेल इतके कढत पाणी नको.
5. श्वास लागला, छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तडक दवाखाना गाठावा.

बैठा : पोवळे

समुद्रातले पोवळ्याचे खडक बांधणारा जीव एका जागी बसतो. अंगाखाली चुन्याचा थर घालतो. असे लाखो जीव शेजारी शेजारी बसले की खडक होतो. पण बोटभर वाढीला कित्येक वर्षे जातात. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहते. शेवाळ त्याला अन्न देते, तो शेवाळाला आसरा देतो. समुद्राचे पाणी फार तापले की ही सोबत तुटते. शेवाळ निघून जाते, पोवळे पांढरे पडते. फार दिवस तसेच राहिले तर उपाशी मरते. 1998 आणि 2016 साली जगभर असे झाले. या खडकांत मासे वाढतात. खडक मेला की कोळ्याचे जाळेही रिकामे होते.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ समुद्रात पोवळी आहेत. तेथे पाण्यात उतरलात तर त्यांवर पाय देऊ नका, तुकडा तोडू नका. असे खडक तोडणे आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे. तो दगड नव्हे. ते कुणाचे तरी घर आहे.

सांगा पाहू

1. या सर्व प्राण्यांच्या घराण्याची खूण कोणती?
2. मेलेली निळी पिशवी का उचलू नये?
3. पोवळे पांढरे का पडते?